नव्व्याण्णव टक्क्यांची एसएसडी

"बाबा, तो कॉम्प्युटर आता भंगारवाल्याला द्या. मी तुम्हाला लॅपटॉप आणतो," असं देवेशने पुण्याहून फोनवर सांगितलं आणि इकडे कामोठ्यात कृष्णकांत मोघ्यांनी त्याच क्षणी ठरवून टाकलं, की हा कॉम्प्युटर आपल्या पश्चातसुद्धा चालू राहिला पाहिजे.

"माझ्या घरातली वस्तू मी सांगेन तेव्हा निवृत्त होईल," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

मोघे स्वतः एका सरकारी खात्याच्या भांडारातून निवृत्त झालेले. भांडारपाल म्हणजे वस्तू देणारा माणूस, असा बाहेरच्या अजाण जगाचा समज असतो. मोघ्यांच्या मते भांडारपाल म्हणजे वस्तू न देणारा माणूस. देणं काय, कोणीही देईल! त्यांच्याकडे टेबलफॅन मागायला आलेल्या साहेबाची बदली झाली, त्याच्या जागी आलेल्या साहेबाचीही झाली, पण पंखा खोक्यातून हलला नाही आणि निवृत्तीच्या दिवशी मोघ्यांनी तो कोराकरकरीत पुढच्या भांडारपालाच्या ताब्यात दिला. त्या दिवशी त्यांचा कंठ दाटून आला होता. लोकांना वाटलं, नोकरी संपली म्हणून.

घरातही हेच शास्त्र. टीव्हीचा रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत. सोफ्याला खोळ आणि खोळ मळू नये म्हणून तिच्यावर जुनी चादर. शोकेसमध्ये लग्नात आहेर आलेला सोनेरी काठांच्या कपांचा सेट होता. तो 'चांगल्या पाहुण्यांसाठी' राखीव होता. देवेशला बघायला मुलीकडचे आले तेव्हा कप बाहेर निघता निघता राहिले. मोघ्यांचं म्हणणं असं पडलं, की ते पाहुणे आहेत हे मान्य, पण चांगले आहेत की कसे ते अजून ठरायचंय.

असो. शेवटी बापलेकांत तह झाला. देवेश गणपतीला आला तेव्हा त्याने कॉम्प्युटर उघडला आणि आत एक एसएसडी बसवली. तळहातावर मावेल एवढी चपटी डबी. हिच्यात सगळं साठवलं जाणार. जुनी हार्ड डिस्क तो काढून टाकणार होता, पण मोघ्यांनी तिला आतल्या आतच एका कोपऱ्यात राहू दिलं. इतकी वर्षं सेवा केलेल्या माणसाला असं बाहेर काढतात का?

कॉम्प्युटर सुरू केला आणि मोघ्यांची दिनचर्याच कोलमडली. आत्तापर्यंत ते सकाळी बटण दाबून आंघोळीला जात, आंघोळीनंतर पूजा आटपत, दुसरा चहा घेत आणि मग येऊन बघत, तर कॉम्प्युटर नुकताच जागा होऊन डोळे चोळत असे. आता खुर्ची ओढेपर्यंत पडदा हजर! दोन दिवस ते अस्वस्थ होते. देवपूजेला वेळ कुठून काढायचा, हाच प्रश्न पडला. तिसऱ्या दिवसापासून मात्र ते जिन्यात भेटेल त्याला सांगू लागले, "आमचा जुना कॉम्प्युटर बघा एकदा येऊन. हल्लीच्या लॅपटॉपच्या तोंडात मारील."

चांगली वस्तू घरात आली की तिची निगा राखल्याशिवाय मोघ्यांना चैन पडत नसे. जुन्या हार्ड डिस्कचं ते दर रविवारी डीफ्रॅग करत. म्हणजे डिस्कवर इकडेतिकडे विखुरलेल्या फायली उचलून ओळीने लावायच्या. त्यासाठी त्यांच्याकडे एका जुन्या सीडीवरचा प्रोग्रॅम होता. तो चालू केला की पडद्यावर रंगीत चौकोन एकामागून एक आपापल्या जागी जाऊन बसत. तोंडात सुपारी टाकून ते दृश्य बघताना मोघ्यांना थेट भांडारात गेल्यासारखं वाटे. एसएसडीलाही त्यांनी तोच मान दिला. दर रविवारी, न चुकता.

अशाच एका रविवारी समोरच्या फ्लॅटमधले तुळशीराम वाळुंज डोकावले. वाळुंज हे सोसायटीचे सेक्रेटरी. मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून जगातल्या प्रत्येक विषयाचा निम्मा भाग त्यांना पूर्णपणे अवगत झाला होता.

"अहो मोघे! हे काय करताय?" ते दारातूनच ओरडले. "एसएसडीला डीफ्रॅग? मारताय तिला!"

"मारतोय? चांगली निगा राखतोय."

"अहो, एसएसडीवर लिहिण्याला मर्यादा असते! कागदावर पेन्सिलीने लिहा, खोडा, लिहा, खोडा. शेवटी कागद फाटतो की नाही? तसंच आहे हे. प्रत्येक वेळी लिहिलं की आयुष्य कमी होतं. आणि तुम्ही दर रविवारी सगळी वही खोडून परत लिहिताय!"

मोघ्यांनी घाईघाईने डीफ्रॅग थांबवलं. सुपारी तोंडातच राहिली. वाळुंजांनी मग त्यांना एक प्रोग्रॅम घालून दिला. एसएसडीची तब्येत किती टक्के शिल्लक आहे हे तो दाखवत असे. उघडला तर आकडा आला, नव्व्याण्णव.

"एक टक्का कुठे गेला?" मोघ्यांचा आवाज बदलला.

"वापरला गेला."

"कोणी वापरला?"

हा प्रश्न त्यांनी भांडारातल्या शिपायांना विचारला असता तर ते चळचळा कापले असते. वाळुंज चहा पिऊन निघून गेले. मोघे मात्र त्या एका टक्क्याच्या मागे लागले. दुसऱ्या दिवशी त्यांनी एसएसडीच्या कंपनीच्या कस्टमर केअरला फोन लावला. बराच वेळ सनई ऐकल्यावर एक मुलगी आली.

"सर, ड्राइव्ह चालू होत नाहीये का?"

"होते ना. उत्तम चालते."

"मग स्लो झालीये का सर?"

"मुळीच नाही. पण एक टक्का कमी भरतोय. वस्तू वॉरंटीत आहे. मला शंभर टक्केवाली बदलून द्या."

मुलगी म्हणाली, "सर, तो नॉर्मल वापर आहे." मोघे म्हणाले, "आम्ही वस्तू नॉर्मल वापरत नाही, जपून वापरतो." मुलीने मग आपल्या वरिष्ठांना फोन दिला, वरिष्ठांनी आणखी वरिष्ठांकडे दिला आणि आणखी वरिष्ठांनी तो परत सनईकडे दिला. "ठीक आहे," मोघे सनईला म्हणाले. "इथून पुढे नव्व्याण्णवचा अठ्ठ्याण्णव होणार नाही. हा कृष्णकांत मोघ्याचा शब्द आहे."

आता त्यांची पत्नी अरुंधतीबाई यांच्याकडे वळलं पाहिजे, कारण त्या कॉम्प्युटरवर खरं काम करणारं माणूस घरात एकच होतं आणि ते म्हणजे त्या. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्या घरी शिकवण्या घेत. तिथे करंजाड्याची कोमल नावाची मुलगी येई. तिची आजी वेणूबाई ही आगरी लग्नांत धवळे गाणारी धवलारीण. मांडवाच्या मेढीपासून हळदीपर्यंत लग्नातल्या प्रत्येक कामाचं तिच्याकडे एकेक गाणं होतं आणि त्यांतली बरीचशी आता तिच्याशिवाय कोणाला येत नव्हती. कोमलचं लग्न ठरलं तेव्हा अरुंधतीबाईंनी वेणूबाईला शब्द दिला, की तुमची सगळी गाणी मी उतरवून घेते, त्यांची छान पुस्तिका छापू आणि कोमलच्या हळदीला आलेल्या प्रत्येक बाईच्या हातात देऊ. तेव्हापासून त्या करंजाड्याला जात, गाणी मोबाईलवर रेकॉर्ड करत आणि घरी येऊन टाईप करत. आयुष्यभर दुसऱ्यांच्या निबंधांवर लाल खुणा करणाऱ्या बाईचं नाव पहिल्यांदा कुठल्यातरी मुखपृष्ठावर येणार होतं. त्या हे बोलून दाखवत नसत, पण टाईप करताना गुणगुणत असत.

आणि त्यांना प्रत्येक ओळीनंतर सेव्ह करायची सवय होती.

"अगं, किती वेळा सेव्ह करतेस!" मोघे मागून म्हणाले.

"मग? गेलं म्हणजे?"

"कुठे जातंय? प्रत्येक सेव्हला ती झिजते. असं कर, काय लिहायचं ते आधी डोक्यात नीट लिही, शुद्धलेखन तपास आणि मग एकदम टाईप करून एकदाच सेव्ह कर."

अरुंधतीबाईंनी चष्मा नाकावर खाली ओढला. शाळेत त्यांनी असा चष्मा ओढला की मागच्या बाकापर्यंत शांतता पसरत असे. "तुमची ती डबी माझ्यासाठी आहे, की मी तिच्यासाठी?" असं विचारून त्यांनी मोघ्यांच्या डोळ्यांदेखत लागोपाठ तीनदा सेव्ह केलं.

समोरून जमत नाही म्हटल्यावर मोघ्यांनी मागच्या बाजूने काम सुरू केलं. वाळुंजांच्या सल्ल्याने त्यांनी कॉम्प्युटरमधलं जे जे म्हणून एसएसडीवर लिहीत होतं ते बंद केलं किंवा जुन्या हार्ड डिस्ककडे हलवलं. इंटरनेटच्या तात्पुरत्या फायली तिकडे, विंडोजचा पसारा तिकडे. परिणाम असा झाला, की कॉम्प्युटर पुन्हा पहिल्यासारखा हळू झाला. मोघ्यांना आंघोळीला आणि पूजेला पुन्हा वेळ मिळू लागला. ते मनातून सुखावले.

राहता राहिलं अरुंधतीबाईंचं लिखाण. तेही जुन्या हार्ड डिस्कवर टाकलं असतं, तर प्रत्येक सेव्ह रखडला असता आणि त्यांना लगेच संशय आला असता. त्यावर वाळुंजांनी रामबाण उपाय सांगितला. "रॅम-डिस्क करा. रॅम म्हणजे कॉम्प्युटरची चालू मेमरी. तिचाच एक तुकडा डिस्क म्हणून वापरायचा. कितीही लिहा, झीज शून्य!"

"मग सगळेच असं का करत नाहीत?"

"लोकांना माहीत नसतं हो," वाळुंज म्हणाले. तो व्हिडिओ त्यांनी निम्माच बघितला होता.

उरलेला निम्मा मोघ्यांनी स्वतः बघितला, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. त्यात स्पष्ट म्हटलं होतं, की वीज गेली की रॅममधलं सगळं पुसलं जातं, म्हणून रोज कॉम्प्युटर बंद करताना ते एसएसडीवर उतरवून घ्या. पण रोज उतरवायचं म्हणजे रोज लिहायचं! भांडारात मोघ्यांनी सुटा माल कधी दिला नव्हता. मागणी साठू द्यायची आणि एकगठ्ठा काय ते एकदाच. तेव्हा त्यांनी निर्णय घेतला, की पुस्तिका पूर्ण होईल त्या दिवशी सगळं एकदाच एसएसडीवर उतरवायचं आणि तोपर्यंत कॉम्प्युटर बंदच करायचा नाही. अरुंधतीबाईंचं फोल्डर त्यांनी गुपचूप रॅम-डिस्कवर हलवलं. मोबाईलमधली रेकॉर्डिंगंही, कॉम्प्युटरवर मोठ्याने ऐकू येतात असं अरुंधतीबाईंना सांगून, त्यातच टाकली आणि मोबाईलमधून गुपचूप पुसून टाकली. मोबाईलची मेमरीही त्याच जातीची असते, हे त्यांना नुकतंच कळलं होतं.

त्यानंतर अरुंधतीबाई खुशाल दर ओळीला सेव्ह करत आणि मोघे मागे बसून मंद हसत. अरुंधतीबाईंना त्या हसण्याचा अर्थ कळत नव्हता. त्यांना वाटे, आपल्या कामाचं कौतुक वाटतंय यांना.

वीज जाऊ नये म्हणूनही मोघ्यांनी प्रयत्न केले. त्यांनी वाळुंजांना गाठलं आणि लिफ्टच्या जनरेटरवरून आपल्या कॉम्प्युटरपर्यंत एक वायर ओढू द्यावी, अशी विनंती केली. रॅम-डिस्क सुचवणारे वाळुंज शेजारी होते. समोर बसलेले वाळुंज सेक्रेटरी होते. त्यांचा चेहराच वेगळा झाला.

"लेखी अर्ज द्या. विषय काय लिहाल?"

"रॅम-डिस्कला अखंड वीज मिळणेबाबत."

"कमिटीत ठेवतो. तिथून सर्वसाधारण सभेत जाईल. आणि वायर ज्यांच्या दारावरून जाणार त्या सगळ्यांची हरकत नसल्याची पत्रं लागतील."

"त्यात तुमचंही दार आहे."

"माझी हरकत आहे," वाळुंज म्हणाले. "जिन्यात वायरी लोंबणं मला सेक्रेटरी म्हणून चालणार नाही. तुम्ही यूपीएस का नाही घेत?"

यूपीएस मोघ्यांकडे होता. देवेशनेच आणून दिला होता. वीज गेली तर कॉम्प्युटर थोडा वेळ चालू ठेवणारं ते यंत्र कपाटावर मूळ खोक्यात, मूळ थर्माकोलमध्ये, मूळ चिकटपट्टीसकट बसलेलं होतं. त्याची बॅटरी उगाच झिजू नये म्हणून मोघ्यांनी ते खऱ्या अडचणीच्या वेळेसाठी राखून ठेवलं होतं.

खरी अडचणीची वेळ एका टळटळीत दुपारी आली आणि यायच्या आधी तिने कळवलं नाही. अरुंधतीबाई शेवटचं गाणं टाईप करत होत्या. वरातीचं. चार ओळी उरल्या होत्या. पंखा मंदावला, फ्रिज उसासा टाकून गप्प झाला आणि पडदा काळा झाला.

"गेली वाटतं लाईट," त्या म्हणाल्या. "बरं झालं, आत्ताच सेव्ह केलं होतं."

मोघे सोफ्यावरून उठले. त्यांनी कपाटावरच्या खोक्याकडे बघितलं, मग पडद्याकडे आणि मग पुन्हा खाली बसले. प्लॅस्टिकच्या पिशवीतला रिमोट हातात घेऊन ते तो उगाच उलटसुलट करू लागले.

"अहो, काय झालं? बरं वाटत नाहीये का?"

मोघ्यांनी सांगितलं. एकदम नाही, हप्त्याहप्त्याने. आधी रॅम-डिस्कचं, मग रेकॉर्डिंगचं, मग मोबाईलमधून पुसल्याचं. बोलता बोलता ते एसएसडीच्या आयुष्याबद्दलही दोन वाक्यं बोलून गेले. अरुंधतीबाई रागावल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"म्हणजे इतके दिवस मी हवेत लिहीत होते," त्या हळूच म्हणाल्या. "आणि तुम्ही मागे बसून बघत होतात."

त्या उठून गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या. खाली रिक्षावाल्यांची भांडणं चालली होती तिकडे बघत राहिल्या. मोघ्यांना वाटलं, आता त्या रडणार. पण त्या परत आत आल्या आणि म्हणाल्या, "हळद पंधरवड्यावर आलीय. वेणूबाईंना मी तोंड दाखवणार नाही. तुम्ही जा आणि सांगा."

वीज आल्यावर मोघ्यांनी आधी देवेशला फोन लावला. रॅममधून गेलेलं परत मिळतं का? नाही मिळत. देवेशने एसएसडीचे आकडे मागवून घेतले आणि बघितले.

"बाबा, तुम्ही ज्या गतीने वापरताय ना, त्या हिशेबाने ही एसएसडी दीडशे वर्षं चालेल. एवढे रविवार डीफ्रॅग करूनसुद्धा! तुम्ही नसाल, मी नसेन, तो कॉम्प्युटरही नसेल. नुसती ही डबी असेल."

"दीडशे!" मोघ्यांचा चेहरा क्षणभर उजळला. "बघ, म्हटलं नव्हतं मी, माझ्या पश्चातसुद्धा..." एवढं बोलून त्यांनी मान वळवली. अरुंधतीबाई काळ्या पडद्यासमोरच्या खुर्चीवर चष्मा हातात घेऊन बसल्या होत्या. मोघ्यांनी वाक्य तिथेच सोडलं आणि चपला घातल्या.

करंजाड्यात वेणूबाईचं चार मजली घर होतं. खालच्या तीन मजल्यांवर भाडेकरू, चौथ्यावर घरची मंडळी आणि गच्चीवर वाळत घातलेले बोंबील. त्या बोंबलांची राखण करत वेणूबाई छत्री घेऊन बसली होती. रिक्षात मोघ्यांनी एक छोटं भाषण तयार केलं होतं. त्यात वीजपुरवठा, व्हिडिओचा पूर्वार्ध आणि वाळुंज यांच्यावर योग्य तो ठपका होता. वेणूबाईने नुसतं वर बघितलं आणि मोघे भाषण विसरले.

"वेणूबाई, तुमची गाणी गेली," ते म्हणाले. "माझ्यामुळे गेली."

"गेली? कशी गेली?"

"लाईट गेली ना, म्हणून."

"लाईट गेली त गानी कशी जातील वो? आमच्याकरं लाईट नव्हती तवा पन गानी व्हती."

यावर मोघ्यांकडे तांत्रिक उत्तर होतं, पण ते द्यावंसं वाटेना. त्यांनी एसएसडी कशी झिजते, ती झिजू नये म्हणून आपण काय काय केलं, हे साध्या शब्दांत सांगितलं. वेणूबाईने एका कावळ्याला छत्री उगारून हाकललं.

"बेलपाड्याला एक धवलारीन हाय," ती म्हणाली. "माज्यापरीस मोटी. तिनं गानी कोनालाच शिकवली नाय. म्हनं, वाटली त सपतील. आता तिला सोताच्या जावयाचा नाव पन आठवत नाय. तुमी तिच्यातलं दिसता."

मोघ्यांना हे लागलं. सनई लावून ठेवणाऱ्या कंपनीसमोर जो माणूस हरला नाही, तो बोंबलांच्या वासात मान खाली घालून उभा होता.

"मंग काय झाला? मी मेले कं? हाय ना जिती," वेणूबाई म्हणाली. "परत सांगीन. पन आता मी येईन तुमच्या घरा. आनि मास्तरनीनं हात नाय लावाचा. तुमी टायपा. बोटां दुखली तरी चालतील."

दुसऱ्या दिवसापासून वेणूबाई कामोठ्याला येऊ लागली. एकटी नाही. धवळे एकटीने गायचे नसतात, मागे ओळ झेलून परत म्हणणाऱ्या लागतात, म्हणून नात्यातल्या दोघीजणी बरोबर. तिघींचं मिळून अंगावर एवढं सोनं होतं, की वॉचमनने उभं राहून सलाम केला. त्या आल्या आणि बेधडक सोफ्यावर बसल्या. चादर सरकली, खोळ सुटली. मोघ्यांनी दोन्ही तशीच राहू दिली. त्या येण्यापूर्वीच त्यांनी स्वतःच्या हाताने रॅम-डिस्क काढून टाकली होती, हार्ड डिस्ककडे हलवलेला पसारा परत एसएसडीवर आणला होता आणि यूपीएसच्या खोक्याची चिकटपट्टी सुरीने कापली होती. यूपीएस लावला तर त्याने एक केविलवाणा सूर काढला आणि मान टाकली. इतकी वर्षं नुसती बसून बॅटरी मेली होती. मोघे चपला घालून नवीन बॅटरी आणायला गेले.

मग सुरू झालं टायपिंग. मोघे दोन बोटांनी टाईप करत. एका बाजूला वेणूबाई खड्या आवाजात गाण्यातली हळद दळत असे, दुसऱ्या बाजूला अरुंधतीबाई हातात फूटपट्टी घेऊन बसत.

"दळिलीचा ळ. ल नाही. सेव्ह करा."

मोघे सेव्ह करत. पहिल्या दिवशी प्रत्येक सेव्हनंतर ते तब्येतीचा आकडा उघडून बघत. दुसऱ्या दिवशीही बघितला, पण कमी वेळा. पुढे पुढे ते अरुंधतीबाईंनी सांगायच्या आधीच करू लागले. आणि एक चमत्कारिक गोष्ट झाली. वेणूबाईला यावेळी आधीपेक्षा जास्त आठवत होतं. समोर झेलणाऱ्या दोघी असल्यामुळे एका गाण्याच्या मागून दुसरं निघत होतं, आणि अरुंधतीबाई मध्येच ओरडत, "हे तर तुम्ही मागच्या वेळी सांगितलंच नव्हतं!"

तीन बायकांचे खडे आवाज पार्किंगपर्यंत पोचत होते. चौथ्या दिवशी वाळुंज दारात आले. हातात सोसायटीच्या लेटरहेडवरची नोटीस होती. दुपारच्या शांततेच्या वेळेत गायनवादनास मनाई आहे, असा तिचा आशय. पण पडद्याकडे नजर जाताच सेक्रेटरी बाजूला सरले आणि शेजारी पुढे आले.

"मोघे, दर ओळीला सेव्ह? वेड लागलंय का? वाट लागेल एसएसडीची!"

मोघे खुर्चीवरून उठले. दोन बोटं सुजली होती, चष्म्यावर घाम होता.

"लागू दे," ते म्हणाले. "माझी एसएसडी आहे, मी झिजवणार. भांडारात मी अख्ख्या नोकरीत एक पंखा जपला, वाळुंज. तो अजूनही खोक्यातच असेल आणि कोणाला त्याचा वारा लागला नसेल. आता नाही जपणार. आणि ती नोटीस जरा तिकडे लावा नोटीसबोर्डावर, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल इथे गाणं चालू आहे ते. येतील ऐकायला."

"मी कमिटीत ठेवीन."

"ठेवा. लेखी अर्ज द्या," मोघे म्हणाले आणि त्यांनी दार लावलं. मागे सोफ्यावर वेणूबाई हसत होती. अरुंधतीबाई हसत नव्हत्या, पण त्यांनी फूटपट्टी खाली ठेवली होती.

पुस्तिका हळदीच्या आदल्या दिवशी छापून आली. मुखपृष्ठावर वेणूबाईचं नाव मोठ्या अक्षरांत होतं आणि खाली लहान अक्षरांत 'शब्दांकन : अरुंधती मोघे'. मांडवात अरुंधतीबाईंना मधल्या खुर्चीवर बसवलं होतं आणि बायका पुस्तिका उघडून वेणूबाईच्या मागे झेलत होत्या. मोघे पुरुषांच्या घोळक्यात उभे राहून येईल त्याला सांगत होते, "दोन बोटांनी केलंय सगळं. दोन." कोणाला त्याचं विशेष वाटत नव्हतं. तरी ते सांगत होते.

पुढच्या महिन्यात अरुंधतीबाईंनी उरणकडच्या एका धवलारणीची गाणी घ्यायला सुरुवात केली. यावेळी त्या स्वतः टाईप करत होत्या. वेणूबाई सोबतीला आलेली होती. सकाळी मोघ्यांनी सवयीने तब्येतीचा प्रोग्रॅम उघडला आणि ते तसेच उठून समोरच्या फ्लॅटची बेल वाजवून आले.

"वाळुंज, या! चहाला या! अठ्ठ्याण्णव झाले!"

वाळुंज सांत्वनाच्या चेहऱ्याने आले. बघतात तर सोफ्यावर खोळ नव्हती आणि टीपॉयवर सोनेरी काठांचे कप होते. सगळे. एकाचा कान मोघ्यांकडून धुतानाच उडाला होता आणि तो कप त्यांनी मुद्दाम स्वतःसमोर ठेवला होता.

"एवढं झिजवून वर चहा पाजताय?" वाळुंज म्हणाले. "शंभरातले दोन गेले, मोघे!"

"गेले नाहीत. वापरले," मोघे म्हणाले. "आणि हे तर काहीच नाही. सत्त्याण्णववर आणून दाखवतो की नाही बघा."

आतल्या खोलीत वेणूबाईचं गाणं एका ओळीवर थांबलं. अरुंधतीबाईंनी तिथूनच, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "अहो, सेव्ह करू का?"

"दोनदा कर!" मोघे ओरडले.